धरण मालीत, मालक तीन देश: सेनेगल नदीच्या सामाईक धरणांची गोष्ट

सामाईक विहीर म्हणजे काय हे गावाकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं, विहीर अमुक गटात, हिस्सा तीन भावांचा, आणि पाळ्या ठरलेल्या असतात, आज थोरल्याची मोटर, उद्या मधल्याची, परवा धाकट्याची. विहीर ज्याच्या रानात आहे तो एकटा तिचा मालक होत नाही. आता हीच गोष्ट तीन देशांनी केली असं समजा. धरण उभं आहे एका देशाच्या जमिनीवर, पण भिंत, टर्बाइन, विजेच्या तारा, सगळ्यावर मालकी तिघांची, आणि त्यासाठीचं कर्जसुद्धा तिघांनी एकमेकांना जामीन राहून काढलेलं. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल नदीवर हे खरोखर झालंय आणि गेली पन्नास वर्षं चालू आहे, आणि आपल्याकडे नदीच्या पाण्याचा विषय निघाला की मला दरवेळी हीच गोष्ट कुणालातरी सांगावीशी वाटते, म्हणून आज नीट लिहून काढतेय.

आधी नदी कशी आहे ते बघू, कारण सगळा पेच तिच्या स्वभावातच आहे. गिनी देशात फुटा जालोन नावाचा डोंगराळ पट्टा आहे, तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून बाफिंग नावाची नदी निघते, मालीत बाफुलाबे या गावाजवळ तिला बाकोय मिळते, आणि तिथून पुढे तिचं नाव सेनेगल. तिथल्या मांदिंका भाषेत बाफिंग म्हणजे काळी नदी, बाकोय म्हणजे पांढरी नदी, आणि बाफुलाबे म्हणजे दोन नद्यांचा संगम, म्हणजे आपल्याकडे कराडच्या प्रीतिसंगमाला जे म्हणतो तेच. पुढे ही नदी मालीतून बाहेर पडते आणि शेकडो किलोमीटर मॉरिटानिया आणि सेनेगल या दोन देशांची सरहद्द होऊन वाहते, उजव्या काठावर मॉरिटानिया, डाव्या काठावर सेनेगल, आणि सेंट लुई या जुन्या शहरापाशी अटलांटिक समुद्राला मिळते. एकूण लांबी साधारण 1,800 किलोमीटर, आणि खोरं साधारण 3 लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे जवळपास आपल्या अख्ख्या महाराष्ट्राएवढं.

पाऊस पडतो तो वर, गिनीच्या डोंगरात. पाण्याची खरी तहान आहे ती खाली, जिथे वाळवंट सुरू होतं आणि वर्षाला दोन-अडीचशे मिलिमीटर पडला तरी खूप. महाबळेश्वरला धो धो आणि मंगळवेढ्याला कोरडं, हे चित्र आपल्याला पाठ आहे, फक्त तिथे मधे देशांच्या सरहद्दी आहेत. शिवाय नदी सारखी वाहत नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात मोठा पूर, आणि उन्हाळ्यात इतकी कमी की समुद्राचं खारं पाणी उलटं नदीत शिरायचं, मुखापासून सुमारे 200 किलोमीटर आतपर्यंत. म्हणजे नदीच्या काठावर उभं राहून प्यायला पाणी नाही आणि शेतीला तर नाहीच.

1960 च्या आसपास गिनी, माली, मॉरिटानिया आणि सेनेगल हे चारही देश फ्रान्सच्या ताब्यातून मोकळे झाले. 1963 मध्ये त्यांनी मिळून एक साधी पण फार मोठी गोष्ट जाहीर केली, की सेनेगल नदी आणि तिच्या उपनद्या ही आंतरराष्ट्रीय नदी आहे. वाचताना हे कागदी वाटतं, पण विचार करा, नुकतंच स्वातंत्र्य मिळालेला देश, प्रत्येकाला स्वतःची हद्द जपायची घाई, आणि तेव्हा हे म्हणाले की आमच्या हद्दीतून वाहणारं पाणी एकट्याचं नाही. पुढे चौघांनी एक संघटनाही काढली, पण गिनी आणि सेनेगलचं राजकीय भांडण विकोपाला गेलं आणि ती मोडली. मग उरलेल्या तिघांनी, माली, मॉरिटानिया आणि सेनेगलने, 11 मार्च 1972 ला नवी संघटना काढली, सेनेगल नदी विकास संघटना, तिच्या फ्रेंच नावावरून तिला ओएमव्हीएस म्हणतात. गिनी म्हणजे नदीचं उगमस्थान, आणि तोच बाहेर, हा मोठा धोका होता, पण थांबायला वेळ नव्हता.

वेळ का नव्हता, तर 1972 साल. आपल्याकडे ते साल म्हटलं की सुकडी, खडी फोडायची कामं, गुरांच्या छावण्या हे सगळं आठवतं, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी घरात ऐकलेलं असतं. अगदी त्याच वर्षांत तिकडे साहेल पट्ट्यात, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिण किनारीवर, 1968 ते 1973 असा सलग दुष्काळ चालला होता. गुरं मेली, गुराखी गावं सोडून शहरात आले, नदीचा पूर कमी झाला की काठची शेतीच व्हायची नाही. या तीन देशांना कळलं होतं की एकट्याने काहीही करता येणार नाही, कारण धरणाला चांगली जागा मालीत, शेतीला चांगली जमीन खाली सेनेगल-मॉरिटानियात, आणि पैसे कुणाकडेच नाहीत.

नदीचं पाणी वाटायचं म्हटलं की आपल्या डोक्यात पहिली गोष्ट येते टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. कृष्णेसाठी बच्छावत लवाद 1969 मध्ये बसला, आणि हिशेब झाला की महाराष्ट्राला 560 टीएमसी, कर्नाटकला 700, आंध्रला 800. म्हणजे पाणी मोजायचं, त्याचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाने आपला तुकडा घेऊन घरी जायचं. मी याला वाईट म्हणत नाही, लवाद नसता तर अजून वाईट झालं असतं. पण अशा वाटणीत प्रत्येकाचं लक्ष एकाच गोष्टीकडे लागतं, माझा आकडा वाढतो कसा आणि शेजाऱ्याचा कमी होतो कसा. सेनेगल नदीवाल्यांनी पाणी वाटलंच नाही. त्यांनी विचारलं की या पाण्यातून काय काय मिळू शकतं, आणि जे मिळेल ते कुणाला किती लागतं.

गंमत अशी की तिघांना वेगवेगळी गोष्ट हवी होती, आणि यामुळेच जमलं. सेनेगल आणि मॉरिटानियाला सिंचन हवं होतं, कारण सपाट जमीन त्यांच्याकडे. दोन्ही धरणांच्या जोरावर एकूण 3,75,000 हेक्टर भिजेल असा अंदाज होता, त्यातले 2,40,000 सेनेगलचे, 1,26,000 मॉरिटानियाचे आणि मालीचे जेमतेम 9,000. मालीला हवी होती वीज, आणि त्याहून जास्त हवा होता समुद्राचा रस्ता. मालीला समुद्रकिनारा नाही, आणि 1960 मध्ये सेनेगलशी बिनसल्यावर डाकार बंदराकडे जाणारी रेल्वे तीन वर्षं बंद होती, तो चटका ताजा होता, म्हणून नदीतून बारा महिने बोटी चालाव्यात, सेंट लुईपासून थेट मालीपर्यंत 900 किलोमीटर, हे मालीचं स्वप्न.

मग दोन धरणं ठरली. एक वर, मालीत बाफिंगवर, मनंताली, पावसाळ्याचं पाणी साठवून वर्षभर सोडायला. दुसरं खाली मुखाजवळ, सेनेगल आणि मॉरिटानियाच्या मधे, दियामा, त्याचं काम साठवणीपेक्षा खारं पाणी अडवायचं, आपल्या कोकणात खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खारबंधारे घालतात तसंच काम, फक्त खूप मोठ्या मापात. ही दोन एकमेकांशिवाय अर्धवट आहेत. वरून पाणी सोडलं आणि खाली अडवलं नाही तर ते समुद्रात जाणार, खाली अडवलं आणि वरून आलं नाही तर अडवायला काही नाही. एक पूर्ण मालीच्या हद्दीत, एक मालीपासून कितीतरी लांब. एकट्या देशाने यातलं एकही बांधलं असतं तर त्याला पूर्ण फायदा मिळाला नसता.

आता मालकीचा भाग, हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 21 डिसेंबर 1978 ला तिघांनी करार केला की ही कामं सामाईक आणि अविभाज्य मालकीची. अविभाज्य हा शब्द नीट बघा. सामाईक जमिनीचं वाटप मागता येतं, तहसीलदाराकडे अर्ज करून आपला तुकडा वेगळा काढता येतो. इथे ते करताच येत नाही, मनंतालीची भिंत ज्या जमिनीवर आहे ती मालीची, पण भिंत तिघांची, आणि उद्या माली रागावला म्हणून तो एकटा दारं बंद करू शकत नाही, कारण दारं त्याची एकट्याची नाहीत. ज्या देशात काम उभं आहे त्याने त्याच्या कारभारात अडथळा आणायचा नाही, हेही त्यात लिहिलेलं आहे.

1982 मध्ये पैशांचा करार झाला. बाहेरचं कर्ज घ्यायचं तर तिघांनी एकमेकांना जामीन राहायचं, एकाने हप्ता चुकवला तर बाकीच्या दोघांवर जबाबदारी. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहिलेल्या माणसाला हे किती जड असतं ते माहीत आहे, आणि हे तिन्ही देश गरीब, दुष्काळाने मोडलेले. पण त्यामुळेच कर्ज देणाऱ्यांना भरवसा वाटला. सौदी अरेबिया, कुवेत, अबू धाबी, पश्चिम जर्मनी, फ्रान्स, युरोपीय विकास निधी, आफ्रिकन विकास बँक, असे बरेच जण पुढे आले. जागतिक बँक मात्र धरणांच्या वेळी लांबच राहिली, ती आली नंतर, विजेच्या टप्प्यात.

खर्च कसा वाटला? समान तीन भाग केले नाहीत. आधी प्रत्येक कामाचा, म्हणजे सिंचन, वीज, बोटी, यांचा खर्च किती आणि फायदा किती याचा हिशेब मांडला. मग त्या प्रत्येक कामाचा फायदा कुणाला किती हे बघितलं, सिंचनात सेनेगलचा हिस्सा सगळ्यात मोठा, विजेत आणि बोटींत मालीचा. हे सगळं जोडल्यावर जे आकडे आले ते असे, सेनेगलने 42.1 टक्के खर्च उचलायचा, मालीने 35.3 आणि मॉरिटानियाने 22.6. आणि वीज तयार झाली की मालीला 52 टक्के, सेनेगलला 33, मॉरिटानियाला 15. म्हणजे जो जास्त घेणार तो जास्त भरणार, आणि परिस्थिती बदलली तर हे आकडे पुन्हा बसून बदलता येतात अशी सोयही ठेवली. आपल्याकडे याच्या थोडंसं जवळ जाणारं उदाहरण म्हणजे तिलारी. धरण सिंधुदुर्गात दोडामार्गला, पण पाण्यात आणि खर्चात गोव्याचा वाटा जवळपास तीन चतुर्थांश. दोन राज्यं, एक देश, एक सुप्रीम कोर्ट असूनही असं सामाईक काम चालवणं किती अवघड जातं ते त्या भागातल्या लोकांना विचारा. तिकडे तर वर कोर्टच नाही.

दियामा 1986 मध्ये झालं आणि मनंताली 1988 मध्ये. मनंतालीची साठवण 11.3 अब्ज घनमीटर, आपल्या भाषेत साधारण 400 टीएमसी. कोयना 105 टीएमसीचं, म्हणजे जवळपास चार कोयना. पण वीज फक्त 200 मेगावॅट, आणि कोयनेची सगळे टप्पे मिळून 1,960. हे वाचून मला आधी चुकीचं वाटलं होतं, पण कारण सोपं आहे. वीज किती मिळते हे पाणी किती यापेक्षा ते किती उंचीवरून पडतं यावर फार असतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीतून बोगद्याने खाली कोकणात पोफळीकडे टाकतात, शेकडो मीटरची उडी. मनंतालीची भिंत 65 मीटरच्या आसपास उंच, पाणी तेवढंच पडतं.

त्यातही भिंत 1988 ला झाली आणि पहिली वीज मालीच्या राजधानीत, बामाकोला, पोचली डिसेंबर 2001 मध्ये. तेरा वर्षं धरण उभं, आणि वीज नाही. पैसे संपले होते, तारा कुठून न्यायच्या यावर घोळ होता, आणि मधे असं काही घडलं की अख्खी संघटनाच बुडायची वेळ आली होती.

1989 चा एप्रिल. सेनेगल आणि मॉरिटानियाच्या सरहद्दीवर गुराखी आणि शेतकरी यांच्यात चराईवरून भांडण, त्यात माणसं मेली, आणि बघता बघता दोन्ही देशांत दंगली पेटल्या. डाकारमध्ये मॉरिटानियाच्या दुकानदारांवर हल्ले, मॉरिटानियाच्या राजधानीत, नुआकशॉटमध्ये, सेनेगलच्या लोकांवर, शेकडो जीव गेले. मॉरिटानियाने स्वतःच्याच हजारो काळ्या नागरिकांना नदीपलीकडे हाकललं, घरं, गुरं, ओळखपत्रं काढून घेतली. ज्या नदीसाठी एकत्र आले होते तिच्याच काठावर हे झालं, आणि खरं सांगायचं तर धरणामुळे काठच्या जमिनीची किंमत वाढली होती, सिंचनाची जमीन कुणाला मिळणार ही ओढाताण त्या भांडणाच्या खाली होतीच. दोन्ही देशांनी संबंध तोडले, ते 1992 पर्यंत जुळले नाहीत.

पण या सगळ्या काळात ओएमव्हीएस बंद पडली नाही. राजदूत परत बोलावले गेले होते, पण नदीच्या कामाच्या बैठका चालू राहिल्या, धरणं चालवणारी माणसं एकमेकांशी बोलत राहिली. 2000 मध्ये पुन्हा एकदा ठिणगी पडली, सेनेगलला नदीचं पाणी जुन्या कोरड्या दऱ्यांमध्ये वळवायचं होतं, मॉरिटानिया भडकला, आणि शेवटी सेनेगलने तो प्रकल्प सोडला. मला नाही वाटत की हे लोक इतरांपेक्षा जास्त समजूतदार होते म्हणून असं झालं. तिघांवर एकच कर्ज होतं, एकच भिंत होती, आणि ती वाटून घेता येत नव्हती, म्हणून टेबलावर परत यावंच लागायचं.

2002 मध्ये त्यांनी नदीच्या पाण्याची सनद केली, आणि ती मला कुठल्याही मोठ्या शहरातल्या परिषदेच्या ठरावापेक्षा जास्त आवडते, कारण ती प्रत्यक्ष वापरात आहे. त्यात कुठल्या देशाला किती पाणी असा आकडा नाही. त्यात आहे की पाणी कामांमध्ये वाटायचं, शेती, वीज, पिणं, बोटी, मासेमारी, आणि नदी स्वतः. माणसाला चांगल्या पाण्याचा हक्क आहे हे लिहिलंय. आणि दरवर्षी पावसाळ्यात धरणातून मुद्दाम पूर सोडायचा हेही लिहिलंय. कुठलं दार कधी आणि किती उघडायचं यासाठी स्थायी जल आयोग आहे, सगळ्या देशांची माणसं त्यात बसतात, धरणात किती साठा, पाऊस कसा, कुणाला काय हवं हे मांडतात आणि एकमताने सुचवतात. मतदान करून दोघांनी एकाला हरवायचं असं तिथे नाही.

मुद्दाम पूर सोडायचा म्हणजे काय, हे कळायला आपल्याकडचा एक शब्द पुरेसा आहे, गाळपेर. माझं आजोळ उजनीच्या फुगवट्यावर, तिथे पाणी खाली सरकलं की ओल्या गाळाच्या जमिनीत लोक पेरतात, खत नाही, पाणी द्यायला नको, जमिनीतल्या ओलीवर पीक येतं. सेनेगल नदीच्या काठावर हीच शेती शेकडो वर्षं चालत होती, तिकडे त्या जमिनीला वालो म्हणतात. पूर येतो, पसरतो, ओसरतो, मागे ओल आणि गाळ ठेवून जातो, त्यात ज्वारी पेरायची. हो, ज्वारीच, आपलीच. त्याच पुरात मासे अंडी घालायचे, त्याच ओल्या रानात नंतर गुरं चरायची. एका पुरावर शेतकरी, कोळी आणि गुराखी तिघं जगायचे, आणि कुठल्याही हिशेबाच्या वहीत त्याची किंमत लिहिलेली नव्हती.

धरणाच्या योजनेत हे सगळं जाणार हे गृहीत होतं. काही वर्षं तात्पुरता पूर सोडू, तोपर्यंत लोक पंपाच्या पाण्यावर भातशेती करायला शिकतील, मग पूर बंद. पण भातशेतीला पंप, डिझेल, खत, कर्ज, आणि गरिबाच्या हातात त्यातलं काही नाही. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत पाणी सुटायचं ते अवेळी, कधी पेरलेलं वाहून जायचं तर कधी पूर इतका थोडा की जमिनी भिजायच्याच नाहीत. आणि वीज सुरू झाल्यावर तर उघड ओढाताण, कारण टर्बाइनला वर्षभर सारखं पाणी हवं असतं आणि वालोला एकदम मोठं पाणी थोडेच दिवस. पुरासाठी सोडलेलं पाणी म्हणजे विजेच्या हिशेबात वाया गेलेलं पाणी. सनदेत पूर आला तो काठच्या लोकांनी आणि त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं ओरडून आणला, साधारण 50,000 हेक्टर वालो भिजावी असं त्यात धरलेलं असतं, आणि दुष्काळी वर्षात तो सुटतोच असं नाही.

इथे माझं मत स्पष्ट आहे. तीन देश एकमेकांशी न्यायाने वागले. पण काठावरच्या बाईशी तितक्या न्यायाने वागले नाहीत, कारण टेबलावर देश बसले होते, ती नव्हती. मनंतालीच्या पाण्याखाली दहा हजारांच्या वर लोकांची गावं गेली, त्यांना हलवलं, नवी जमीन दिली ती आधीपेक्षा कमी, आणि धरणाच्या भिंतीजवळच्या त्या वस्त्यांवरून विजेच्या तारा गेल्या त्या शेकडो किलोमीटर लांबच्या राजधान्यांकडे. कोयनेच्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको.

आणि आजार. दियामाने खारं पाणी अडवलं, नदी बारा महिने गोडी झाली, सगळ्यांना आनंद झाला. पण गोड्या, संथ पाण्यात एक प्रकारची गोगलगाय वाढते, आणि तिच्या अंगात बिलहार्झिया नावाच्या रोगाचा जंतू वाढतो, तो पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून सरळ आत शिरतो. कपडे धुणाऱ्या बायका, पोहणारी पोरं, सगळ्यात आधी त्यांना. सेनेगलमधल्या रिशार तोल या ऊसमळ्यांच्या गावात 1988 मध्ये पहिले रुग्ण सापडले आणि थोड्याच वर्षांत त्या भागातली बहुतेक माणसं बाधित झाली. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात गिमवी गावात 1950 च्या दशकात याच रोगाचा एक छोटा पट्टा सापडला होता, भारतात असं गाव जवळपास तेवढंच, म्हणून आपल्याला हे नाव फारसं माहीत नाही. तिकडे ते घराघरात आहे. पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की नदीतली एक मोठी कोळंबी या गोगलगायी खायची, पण तिला अंडी घालायला खाऱ्या पाण्यात जावं लागतं आणि परत वर यावं लागतं, आणि मधे दियामाची भिंत. लाम्पसार नावाच्या गावात पाण्यात पुन्हा कोळंबी सोडून बघितली तेव्हा गोगलगायी कमी झाल्या आणि लोकांच्या अंगातला रोगही. इतका साधा धागा, आणि धरण बांधताना तो कुणी धरलाच नव्हता.

तसंच पाणकणसाचं. खारेपणा गेल्यावर ते इतकं माजलं की कालवे बुजले, कोळ्यांना होडी घालायला जागा नाही, गावांना पाण्यापर्यंत पोचता येईना. आपल्याकडे जलपर्णीने नद्यांचं जे केलंय तसंच. आता त्याचा कोळसा करून चुलीसाठी विकायचे प्रयोग चालू आहेत, चांगले आहेत, पण वाढ त्याहून जोरात आहे. मॉरिटानियाच्या बाजूला मात्र एक गोष्ट मनापासून आवडली, 1991 मध्ये त्यांनी त्रिभुज प्रदेशात दियावलिंग राष्ट्रीय उद्यान केलं आणि तिथे दारं बसवून दरवर्षी मुद्दाम गोडं-खारं पाणी आत घेतात, त्यामुळे मासे परतले, पक्षी परतले, आणि बायका चटया विणतात ते गवत परत उगवलं. म्हणजे नुकसान भरून काढता येतं, पण त्यासाठी कुणाला तरी दाराच्या चाकाजवळ बसून स्थानिकांना विचारावं लागतं.

हे सगळं पाहिलं तरी आज ही नदी या देशांसाठी काय करते ते कमी नाही. डाकारच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा गियर सरोवरातून येतो, ते भरतं सेनेगल नदीने. नुआकशॉट वाळवंटातलं शहर, तिथे 2010 च्या सुमारास पाइपलाइनने याच नदीचं पाणी आलं. बोटींचं मालीचं स्वप्न मात्र अजून कागदावरच आहे. गिनी 2006 मध्ये परत आली, उगमापासून मुखापर्यंत सगळे एका संघटनेत आले, आणि जगात अशा नद्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. मुंबईतल्या स्ट्रॅटेजिक फोरसाईट ग्रुपने, म्हणजे संदीप वासलेकरांच्या संस्थेने, देशोदेशीच्या सामाईक नद्यांवर सहकार्य किती खरं आणि किती कागदी याचं मोजमाप करायचं काम केलंय, आणि तो सगळा विचार वाचताना सेनेगल नदी सारखी समोर येते.

2022 साल बघा. जानेवारीत मालीतल्या लष्करी राजवटीवर शेजारी देशांनी निर्बंध घातले, सेनेगलने सरहद्द बंद केली, ट्रक अडकून पडले, ते जुलैपर्यंत. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मालीतच गुइना धबधब्यावर 140 मेगावॅटचं नवं सामाईक वीजकेंद्र सुरू झालं, त्यातली वीज चारही देशांच्या मालकीची. सरहद्द बंद होती त्या महिन्यांतही आधीच्या केंद्रांचे करार मोडले नव्हते.

पुढची परीक्षा वर आहे, उगमाकडे. गिनीत बाफिंगवरच कुकुतांबा नावाचं 294 मेगावॅटचं धरण ठरलंय, मनंतालीच्याही वर, म्हणजे मनंतालीत कधी किती पाणी पोचणार हे पुढे त्याच्या दारांवर ठरेल. जागा चिंपांझींच्या राष्ट्रीय उद्यानात आहे आणि पाण्याखाली जाणारी गावंही आहेत, त्यामुळे वाद चालू आहे. आणि खाली 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सेनेगलमधल्या बाकेल आणि मातामच्या बाजूला इतका मोठा पूर आला की हजारो हेक्टर पिकं आणि घरं गेली. वरच्या धरणातून किती सोडायचं आणि खालच्याला कधी कळवायचं, हा प्रश्न 2019 मध्ये सांगली-कोल्हापूरने अलमट्टीच्या नावाने विचारला होता. तिकडे तो विचारायला निदान एक जागा आहे, स्थायी जल आयोगाची खोली, जिथे चारही देशांचे इंजिनीअर एकाच साठ्याचे आकडे समोर ठेवून बसतात. मातामच्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याला त्या खोलीत खुर्ची मिळावी यासाठी तिथले लोक अजून भांडतायत.